एएनए १:३२०, सीआरपी नॉर्मल : या रिपोर्टचा अर्थ कसा लावायचा?

प्रश्न एका भावाने बहिणीबद्दल विचारला आहे. बहीण ३१ वर्षांची. सहा महिन्यांपासून हातांची बोटं दुखतात, सकाळी तासभर आखडलेली असतात, गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरीफटक पडतात. एएनए (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडीज शोधणारी रक्ततपासणी) १:३२०, पॅटर्न स्पेकल्ड. शरीरातली सूज दाखवणाऱ्या दोन तपासण्यांपैकी ईएसआर ४८, सीआरपी नॉर्मल. एका डॉक्टरांनी ‘सीआरपी नॉर्मल आहे, काळजीचं कारण नाही’ असं सांगितलं, दुसऱ्यांनी ‘ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) असू शकतो’ म्हणून घाबरवलं. आजार आहे की नाही, आणखी कोणत्या रक्ततपासण्या करायच्या आणि एएनए किती महिन्यांनी परत करायची, असे तीन प्रश्न आहेत.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं : एएनए परत करू नका. ती नीट पद्धतीने एकदा झाली की तिचं काम संपलं. १:३२० चे १:६४० झाले म्हणून आजार वाढला असं होत नाही आणि १:१६० झाले म्हणून औषध लागू पडलं असंही नाही. दर तीन महिन्यांनी केलेल्या एएनएच्या जाडजूड फायली घेऊन येणारे रुग्ण मी वर्षानुवर्षं पाहते आहे. आकडा एक पायरी वर गेला की घरात कुणाला झोप लागत नाही, आणि त्या आकड्यावरून आम्ही उपचारात काडीचाही बदल करत नाही.

असं का, ते कळायला ही तपासणी होते कशी ते डोळ्यांसमोर आणा. रक्तातून वेगळं केलेलं सीरम आधी १:४० ला पातळ करतात, मग १:८०, १:१६०, १:३२० असं प्रत्येक पायरीला निम्मं. काचेच्या स्लाइडवर एचईपी-२ नावाच्या मानवी पेशींचा थर असतो. त्यावर सीरमचा थेंब टाकायचा, थोडा वेळ ठेवायचा, धुऊन काढायचा. सीरममधल्या अँटिबॉडीज पेशींच्या केंद्रकाला चिकटल्या असतील तर त्या धुतल्या जात नाहीत. मग त्यांना पकडणारी, हिरवा चमकणारा रंग लावलेली दुसरी अँटिबॉडी टाकायची, पुन्हा धुवायचं आणि अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसेन्स मायक्रोस्कोपखाली बघायचं. कधी अख्खं केंद्रक एकसारखं हिरवं उजळलेलं असतं. कधी त्यात रवा सांडावा तसे बारीक कण दिसतात, तोच तुमच्या बहिणीचा स्पेकल्ड पॅटर्न. कधी मोजता यावेत असे चाळीस ते ऐंशी सुटे टिंब असतात, तो सेंट्रोमिअर. चमक ज्या शेवटच्या पायरीपर्यंत टिकली, तो टायटर. ती टिकली की विझली हे बऱ्याच ठिकाणी आजही माणसाचा डोळा ठरवतो. म्हणून एकाच नळीतलं रक्त दोन लॅबमध्ये पाठवलं तर एका पायरीचा फरक सहज पडतो. त्या फरकाला अर्थ नाही.

एक मात्र रिपोर्टवर बघून घ्या : पद्धत कोणती लिहिली आहे? ‘इम्युनोफ्लुरोसेन्स’ किंवा ‘आयएफ’ असेल तर ठीक. नुसता एलायझाचा, म्हणजे पेशी न बघता यंत्राने मोजलेला, आकडा असेल तर तेवढ्यावर विसंबून राहू नका. तुमच्याकडे टायटर आणि पॅटर्न दोन्ही आहेत, म्हणजे तपासणी योग्य पद्धतीने झालेली दिसते.

आता १:३२० ला घाबरायचं किती? १९९७ मध्ये अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून निरोगी माणसांचं रक्त तपासलं होतं. १:४० ला सुमारे ३२ टक्के, १:८० ला १३ टक्के, १:१६० ला ५ टक्के आणि १:३२० ला ३ टक्के निरोगी लोक पॉझिटिव्ह आले. साधा हिशेब करा. एक लाख धडधाकट माणसं तपासली तर तीन हजारांच्या आसपास लोकांचा रिपोर्ट तुमच्या बहिणीसारखा येईल. ल्युपस मात्र लाखात साधारण वीस ते दीडशे जणांना असतो. निव्वळ कागद पाहून ल्युपस म्हणायचं तर आपण हजारो निरोगी माणसांना आजारी ठरवू. थायरॉइडच्या ऑटोइम्यून आजारात, यकृताच्या काही आजारांत, वय वाढल्यावर, घरात कुणाला असा आजार असेल तरीही एएनए पॉझिटिव्ह येते.

उलट बाजूने ही तपासणी फार कामाची आहे. ल्युपसच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ९८ जणांत ती १:८० ला पॉझिटिव्ह येते. म्हणजे ती निगेटिव्ह असेल तर ल्युपस जवळजवळ नाहीच. म्हणूनच २०१९ च्या युरोपीय-अमेरिकी निकषांत एएनएला दरवाजावर उभं केलं आहे. १:८० किंवा जास्त असेल तर आत या, पण आत आल्यावर तिला स्वतःचा एकही गुण नाही. दहा गुण हवेत, ते सांधे, त्वचा, मूत्रपिंड, रक्तपेशी आणि नेमक्या अँटिबॉडीज यांतून जमवायचे. हे निकषही मुळात संशोधनासाठी रुग्ण निवडायला केलेले आहेत. निदान डॉक्टर समोरच्या माणसाला तपासूनच करतो.

आणि तुमची बहीण त्या एक लाखातून चिठ्ठी टाकून काढलेली नाही. तासभर टिकणारा सकाळचा आखडलेपणा आणि गारठ्याने पांढरी पडणारी बोटं (याला रेनॉड म्हणतात) या दोन तक्रारी आधी आल्या आणि एएनए नंतर. हाच क्रम महत्त्वाचा. नुसता थकवा आणि अंगदुखी असलेल्या माणसाच्या १:३२० कडे मी फारसं लक्ष दिलं नसतं. इथे देते. तिला आजार आहेच असं मी म्हणत नाही, पण नीट शोध घ्यायला पुरेसं कारण आहे.

आता सीआरपी. ‘नॉर्मल आहे म्हणजे काळजी नाही’ हे वाक्य ऱ्हुमॅटॉइड संधिवातातसुद्धा धोक्याचं आहे, आणि ल्युपसमध्ये तर सरळ चूक आहे. ल्युपसमध्ये शरीरात टाइप-१ इंटरफेरॉन नावाचा संदेशवाहक पदार्थ भरपूर तयार होतो आणि तो यकृतातली सीआरपीची निर्मिती दाबून धरतो. त्यामुळे मूत्रपिंडाला सूज असतानाही सीआरपी नॉर्मल आणि ईएसआर साठ-सत्तर, अशी जोडी आम्हाला नेहमी दिसते. ईएसआरचंही ऐकून घेताना हात राखूनच ऐकावं लागतं. रक्त कमी असेल, गर्भारपण असेल, वय जास्त असेल, रक्तात ग्लोब्युलिन वाढलेलं असेल तर तो आपोआप चढतो. बहिणीचा ४८ हा आकडा तिच्या हिमोग्लोबिनसोबत ठेवून वाचायला हवा.

सीआरपी दबलेला असतो याचा एक फार मोठा उपयोग आहे, आणि तो मला एका रुग्णाने कायमचा शिकवला. ल्युपसची तरुण मुलगी, तीन दिवस ताप, अंग मोडून आलेलं. सगळ्यांचं मत, आजार उसळला आहे, स्टिरॉइड वाढवा. आदल्या दोन वर्षांत तिचा आजार दोनदा उसळला होता आणि दोन्ही वेळा सीआरपी दहाच्या आत होता. या वेळी तो १६० होता. ल्युपसचा भर दाखवणारे डीएसडीएनए आणि सी-३ (दोन्हींबद्दल पुढे सांगते) होते तिथेच होते. आम्ही स्टिरॉइड वाढवायचं थांबवलं, शोधाशोध केली, तर मूत्रपिंडात पू झालेला सापडला. त्या दिवशी स्टिरॉइडचा डोस वाढला असता तर तो पू पसरला असता. ल्युपसमध्ये सीआरपी खूप वाढला की आधी जंतुसंसर्ग शोधायचा. छातीच्या किंवा हृदयाच्या आवरणाला सूज असेल, सांधे फार सुजले असतील तर मात्र ल्युपसमुळेही तो वाढू शकतो. तेवढा अपवाद लक्षात ठेवायचा.

तर पुढच्या तपासण्या. स्पेकल्ड पॅटर्नमागे बहुतेकदा आरएनपी, एसएम, रो किंवा ला या अँटिबॉडीज असतात, म्हणून या एकेक करून शोधणारं ईएनए पॅनेल करायचं. या नावांची मला नेहमी गंमत वाटते. एसएम ही १९६६ मध्ये एंग टॅन आणि हेन्री कुंकेल यांनी शोधली आणि ज्या रुग्णाच्या रक्तात ती सापडली त्याच्या आडनावातली अक्षरं तिला दिली. रो आणि ला हीसुद्धा रुग्णांच्या नावांचीच पहिली अक्षरं. ज्यांच्या रक्तावर हे शास्त्र उभं राहिलं ते लोक रोज प्रत्येक रिपोर्टवर असतात.

एसएम असेल तर ल्युपसची शक्यता फार वाढते. पण ती जेमतेम वीस-तीस टक्के ल्युपस रुग्णांत सापडते, म्हणून नसण्यावरून काही ठरत नाही. यू-१ आरएनपी जोरदार पॉझिटिव्ह, सोबत रेनॉड आणि फुगलेली बोटं, असं चित्र दिसलं तर मी मिक्स्ड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीजचा (ल्युपससारख्या दोन-तीन आजारांची लक्षणं एकत्र दिसतात त्या आजाराचा) विचार करते. तुमच्या वर्णनात बोटं ‘दुखतात’ आहे, ‘फुगतात’ आहे का ते नाही. अंगठी अलीकडे घट्ट होते का, हे तिला विचारा. साध्या प्रश्नातून कधी कधी पॅनेलपेक्षा जास्त कळतं.

रेनॉड आहे म्हणून स्क्लेरोडर्माही (त्वचा आणि आतले अवयव कडक करणारा आजार) बघायला हवा. सेंट्रोमिअर अँटिबॉडीचा पॅटर्न स्लाइडवर इतका वेगळा दिसतो की तो असता तर रिपोर्टमध्ये आला असता. एससीएल-७० आणि आरएनए पॉलिमरेज-३ मात्र मागवून घ्याव्यात. या तिन्हींचा खरा उपयोग नुसतं नाव देण्यापुरता नाही, कुठल्या अवयवावर नजर ठेवायची ते त्या सांगतात. सेंट्रोमिअर असेल तर पुढे फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढण्याकडे लक्ष, एससीएल-७० असेल तर फुप्फुसं कडक होण्याकडे, आरएनए पॉलिमरेज-३ असेल तर अचानक चढणाऱ्या रक्तदाबाकडे आणि मूत्रपिंडाकडे. अशा रुग्णांत एनटी-प्रोबीएनपी ही हृदयाची रक्ततपासणीसुद्धा आम्ही वेळोवेळी करतो, कारण धाप लागायच्या आधीच ती कधी कधी इशारा देते. पट्टीवर होणाऱ्या पॅनेलमध्ये एखादी अँटिबॉडी ‘बॉर्डरलाइन’ किंवा ‘एक प्लस’ आली आणि तिच्याशी जुळणारं लक्षण नसेल, तर ती मी मोजत नाही. एकाच पट्टीवर पंधरा-वीस अँटिबॉडीज तपासल्या की एखादी रेघ उगीच उमटतेच.

ल्युपससाठी डीएसडीएनए, म्हणजे डीएनएविरुद्धची अँटिबॉडी. ही एलायझाने केली तर कमजोर अँटिबॉडीजही पकडल्या जातात आणि थोडासा वाढलेला आकडा फसवा निघू शकतो. शंका असेल तर क्रिथिडिया पद्धतीने खात्री करतात. क्रिथिडिया हा एकपेशीय जीव. त्याच्या शेपटीच्या मुळाशी डीएनएचा एक उघडा गोळा असतो, त्यावर दुसरं प्रोटीन जवळजवळ नसतं. स्लाइडवर त्या एका बिंदूत हिरवी ठिणगी पेटलेली दिसली की ती अँटिबॉडी डीएनएविरुद्धचीच, यात शंका राहत नाही. तो ठिपका बघायला मी अजूनही लॅबमध्ये जाते.

डीएसडीएनएसोबत सी-३ आणि सी-४ हवेतच. ही रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रोटीनं आजाराच्या भरात खर्ची पडतात, म्हणून पातळी उतरते. डीएसडीएनए चढतं आहे आणि सी-३ उतरतं आहे, असं दिसलं की मी ताबडतोब लघवी तपासते. पण इथेही खाचाखोचा आहेत. सूज असली की यकृत हीच प्रोटीनं जास्त बनवतं, म्हणून खर्च चालू असतानाही आकडा नॉर्मल दिसू शकतो. गर्भारपणात पातळी वाढते, त्यामुळे गरोदर बाईचं ‘नॉर्मल’ सी-३ प्रत्यक्षात उतरलेलं असू शकतं. काही लोकांत सी-४ ची जनुकंच कमी असतात, त्यांचं सी-४ आजार शांत असतानाही कायम कमी राहतं. त्यामुळे माणसाची तुलना त्याच्याच जुन्या आकड्यांशी करायची. जुने रिपोर्ट फेकू नका, असं मी प्रत्येकाला सांगते ते यासाठीच.

काही रुग्णांत डीएसडीएनए वर्षानुवर्षं चढलेलं, सी-३ उतरलेलं आणि माणूस ठणठणीत. लघवी स्वच्छ, सांधे शांत, पेशी पुरेशा. अशांना आकड्यासाठी स्टिरॉइड द्यायचं नाही, जरा जवळून नजर ठेवायची. हे लिहायला सोपं आणि करायला अवघड आहे. लाल अक्षरांतला आकडा समोर असताना काही न करणं रुग्णालाही पटत नाही आणि तरुण डॉक्टरलाही.

ज्या तपासण्यांना कुणी बायोमार्कर म्हणून मान देत नाही, त्याच मला सगळ्यात जास्त उपयोगी पडतात. साधा सीबीसी : पांढऱ्या पेशी, विशेषतः लिम्फोसाइट्स कमी आहेत का, प्लेटलेट्स कमी आहेत का. क्रिएटिनिन. आणि रक्त नसली तरी लघवी : तिच्यातलं प्रोटीन-क्रिएटिनिन प्रमाण आणि मायक्रोस्कोपखाली लाल पेशी. ल्युपसमध्ये मूत्रपिंड बिघडतं तेव्हा दुखत नाही. क्रिएटिनिन वाढेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. महागडं पॅनेल केलं आणि लघवी तपासली नाही, अशी फाईल समोर आली की मला मनापासून वाईट वाटतं.

बोटांचे सांधे दुखतात म्हणून ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपीही करा. फॅक्टर एकटा पॉझिटिव्ह आला तर घाई नको, जोग्रेन्समध्ये (डोळे आणि तोंड कोरडं पाडणारा आजार) तो सर्रास पॉझिटिव्ह असतो. सीसीपी चांगल्या टायटरमध्ये आली तर मात्र प्रश्नाचा रोख ऱ्हुमॅटॉइड संधिवाताकडे वळतो.

आणखी एक तपासणी माझ्या यादीत कायम असते, सीके, म्हणजे स्नायूंतलं एक एन्झाइम. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले. एसजीओटी, एसजीपीटी चार महिने वाढलेलं, तेवढे दिवस यकृताचे उपचार, सोनोग्राफी दोनदा, पथ्य कडक. नावही लिहायच्या आधी मी पाहिलं की ते खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी गुडघ्यांवर जोर देत होते. केस विंचरायला हात वर जातो का, विचारलं. नाही म्हणाले. सीके केलं, ते काही हजारांत होतं. एसजीओटी, एसजीपीटी ही एन्झाइम्स स्नायूंतही असतात, आणि त्यांच्या स्नायूंना सूज होती. यकृताला काहीच झालेलं नव्हतं; स्नायूंतून न येणारं गॅमा-जीटी पहिल्यापासून नॉर्मल होतं आणि तो धागा कुणी ओढला नव्हता. मायोसायटिसमध्ये, म्हणजे स्नायूंच्या या सुजेत, पुढे अँटिबॉडीवरून वाट ठरते : जेओ-१ असेल तर फुप्फुसं बघायची, टीआयएफ-१ गॅमा असेल तर प्रौढ माणसात कॅन्सर शोधायचा. एमडीए-५ असेल तर एक दिवसही दवडायचा नाही, कारण त्यात स्नायू जवळजवळ चांगले असूनही फुप्फुसं काही आठवड्यांत जाऊ शकतात. जेओ-१ पेशीच्या केंद्रकाबाहेर चमकते, म्हणून एएनए ‘निगेटिव्ह’ असूनही हा आजार असू शकतो. बहिणीला जिने चढायला जड जात नसेल तर तिच्या बाबतीत इतकं खोलात जायची गरज नाही.

तिचं वय ३१ आहे, म्हणून दोन गोष्टी मुद्दाम सांगते. रो पॉझिटिव्ह आली आणि पुढे मूल हवं असेल, तर ती गोष्ट प्रसूतितज्ज्ञांना गर्भारपणाआधी कळायला हवी. आईची ही अँटिबॉडी वारेतून बाळापर्यंत जाते आणि शंभरातल्या एक-दोन बाळांच्या हृदयाच्या विद्युतवाहिनीला इजा करते, बहुतेकदा १६ ते २६ आठवड्यांच्या दरम्यान. शंभरातल्या ९८-९९ बाळांना असं काही होत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. आधीच्या बाळाला ही इजा झालेली असेल तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या ल्युपसच्या औषधाने पुढच्या वेळचा धोका निम्म्याहून खाली येतो, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

दुसरी गोष्ट अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज : ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. पहिलीचं नाव दोनदा फसवतं. ती ल्युपस नसलेल्यांतही सापडते, आणि नळीत रक्त गोठायला उशीर करत असली तरी शरीरात मात्र गुठळ्या करते. आधी गर्भपात झालेले असतील, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल किंवा ल्युपसचं निदान होत असेल, तर या तिन्ही तपासायच्या. पॉझिटिव्ह आल्या तर १२ आठवड्यांनी परत. जंतुसंसर्गानंतर त्या कधी कधी तात्पुरत्या उगवतात आणि जातात, म्हणून एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर लॅबला आधी सांगा, नाहीतर ल्युपस अँटिकोॲग्युलंटचा निकाल चुकतो.

इंटरफेरॉन सिग्नेचरबद्दल, म्हणजे रक्तात इंटरफेरॉनच्या प्रभावाच्या खुणा शोधणाऱ्या तपासणीबद्दल, बरंच वाचायला मिळतं. २००३ पासून हे संशोधन जोरात आहे आणि त्याच वाटेवर ॲनिफ्रोलुमॅब हे ल्युपसचं औषध २०२१ मध्ये मान्य झालं. पण रोजच्या निदानासाठी ही तपासणी आज तुमच्या बहिणीला लागत नाही.

सगळं करूनही ईएनए कोरं, डीएसडीएनए निगेटिव्ह, लघवी स्वच्छ असं निघालं तर? तसं बऱ्याचदा निघतं. तेव्हा ‘अनडिफरन्शिएटेड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज’ हे लांबलचक नाव लिहिलं जातं. आजाराची चाहूल आहे, त्याने अजून रूप घेतलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकी सैन्यात साठवलेल्या जुन्या रक्तनमुन्यांवरचा एक अभ्यास २००३ मध्ये आला. त्यात पुढे ल्युपस झालेल्या १३० जणांपैकी ८८ टक्क्यांच्या रक्तात निदानाआधीच कुठली ना कुठली अँटिबॉडी होती, काहींच्यात नऊ वर्षं आधी. एएनए आणि रो आधी यायच्या, डीएसडीएनए नंतर, एसएम आणि आरएनपी अगदी निदानाच्या तोंडाशी. पण तो अभ्यास आजारी पडलेल्यांपासून मागे गेला होता. पुढे बघितलं तर कित्येक जण वर्षानुवर्षं तिथेच थांबतात, काहींच्या तक्रारी ओसरतात. अशा वेळी दर चार-सहा महिन्यांनी सीबीसी, क्रिएटिनिन, लघवी आणि एकदा हातांची नीट तपासणी, एवढं पुरतं. नव्या तक्रारीशिवाय अँटिबॉडीज पुन्हा पुन्हा करायच्या नाहीत.

लघवीला फेस, पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज, धाप, श्वास घेताना छातीत कळ किंवा न उतरणारा ताप, यांपैकी काही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा.

संधिवाततज्ज्ञांकडे जाताना सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. नखाच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या भिंगातून बघायला सांगा. रेनॉड नुसता आहे की त्यामागे काही आहे, ते तिथे चांगलं कळतं. आणि बोटं पांढरी पडतील तेव्हा बहिणीला फोनवर फोटो काढून ठेवायला सांगा. तपासणीच्या खोलीत पोचेपर्यंत ती पुन्हा गुलाबी झालेली असतात.